अर्ध्याच्या अर्धं खत

माझी नणंद इगतपुरीहून कायमची आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिच्या सामानात दोन बॅगा, पुस्तकांचं एक खोकं आणि ओल्या टॉवेलात गुंडाळलेली एक कुंडी होती. बॅगा माझ्या नवऱ्याने उचलल्या, खोकं रिक्षावाल्याने वर आणून दिलं. कुंडी मात्र ताईंनी कुणाच्या हातात दिली नाही. आमचं घर पहिल्याच मजल्यावर, पण तेवढा जिना चढतानाही त्यांना थांबावं लागत होतं. कुंडी कठड्यावर टेकवायच्या, श्वास घ्यायच्या, पुन्हा उचलायच्या.

वयाने ताई माझ्याहून लहान. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्या शाळेत जात होत्या. पण सासूबाईंनी तेव्हाच बजावलं होतं की नणंदेला अहो-जाहो करायचं, आणि सासूबाई गेल्या तरी ती सवय राहिली. त्या मला वहिनी म्हणतात आणि अगं-तुगं करतात. पुढे त्या शिकल्या, इगतपुरीच्या एका शाळेत भूगोल शिकवायला लागल्या, तिथेच खोली घेऊन एकट्या राहिल्या. लग्न जमलं नाही. नंतर कुणी विषयही काढेनासं झालं. मग एका पावसाळ्यात त्यांच्या पायांवर सूज यायला लागली. दिवसभर उभं राहून शिकवण्याने येत असेल, असं त्यांना वाटलं. तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्यात. रक्तदाब कित्येक वर्षं वाढलेला असणार, कळलंच नाही. डायलिसिस नाशिकला घ्यायचं ठरलं, म्हणून त्या आल्या.

टॉवेल सोडला आणि मी दचकून मागे सरले. कुंडीच्या काठावरून बोटाएवढं जाड, तपकिरी, केसाळ काहीतरी बाहेर लोंबत होतं. मला वाटलं उंदीर.

"खोडं आहेत ती, वहिनी," ताई हसत म्हणाल्या. "सशाच्या पायासारखी दिसतात ना? नेचा आहे हा."

पावसाळ्यात विहिरीच्या भिंतीला येतो तो नेचा मला माहीत होता. पण तो कुणी कुंडीत लावून घरात ठेवतं हे ठाऊक नव्हतं. पानं मात्र छान होती, बारीक कातरलेली, लेसच्या कापडासारखी.

आवाज ऐकून अण्णा, माझे सासरे, आपल्या खोलीतून काठी टेकत आले. अण्णांनी जन्मभर शेती केली. गुलाब, झेंडू, मेथी, कोथिंबीर, वांगी. आज आमची बिल्डिंग जिथे उभी आहे तिथेच त्यांचा गुलाबाचा मळा होता. जमीन दिली आणि त्यात हे घर मिळालं. त्यांनी कुंडीकडे बराच वेळ बघितलं.

"याला फूल कव्हा येतं?"

"येत नाही, अण्णा."

"मग फळ?"

"तेही नाही."

"मग हे खातं काय?"

"फार काही नाही. पाणी द्यायला विसरलं तरी चालतं त्याला. दिवाळीच्या सुट्टीत मी इकडे यायचे, खोली बंद असायची. परत जाऊन बघावं तर हा होता तसा."

अण्णांना ते पटलं नाही. "न खाता कोन जगतं?" असं म्हणून ते आत गेले.

मी डबे करते. अंबड-सातपूरकडच्या कंपन्यांत काम करणारी एकटी माणसं, कॉलेजची मुलं, एक-दोन म्हातारी जोडपी, अशांचे डबे सकाळी आमच्या स्वयंपाकघरातून जातात. पहाटेपासून घरात फोडणीचा वास असतो. आणि त्याच घरात राहून ताईंनी काय खायचं नाही, हे मला हॉस्पिटलमधल्या आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं. टोमॅटो नको, बटाटा नको, पालेभाज्या नकोत, केळं नको, नारळपाणी तर अजिबात नको, त्यातलं पोटॅशियम रक्तात साठलं तर हृदय बंद पडू शकतं. दूध अगदी थोडं, त्यातल्या फॉस्फरसमुळे. बाकी भाज्या चिरून पाण्यात भिजवायच्या, उकळायच्या, ते पाणी फेकून द्यायचं आणि मग उरलेला चोथा शिजवायचा. मीठ नावाला. पाणी दिवसभराचं एका बाटलीत मोजून ठेवायचं, आमटी आणि चहासुद्धा त्यातच धरायचा.

ताईंना डायलिसिस आठवड्यातून दोनदा सुरू झालं आणि पुढे तीनदा, मंगळवार, गुरुवार, शनिवार. मशीनच्या सुया टोचता याव्यात म्हणून डाव्या हातात छोटं ऑपरेशन करून शीर आणि धमनी जोडली होती. तिथे बोट ठेवलं की आत भुंगा अडकल्यासारखं थरथरायचं. त्या हाताने काही उचलायचं नाही, त्यावर झोपायचं नाही. मशीनवरून परत आल्या की त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या. दुसऱ्या दिवशी जरा माणसात यायच्या आणि गॅलरीत जाऊन नेच्याजवळ बसायच्या.

अण्णांना यातलं पाणी मोजणं एक वेळ समजलं, पण खाणं बंद हे समजलं नाही. त्यांच्या हिशेबात आजारी माणसाला खायला घालायचं असतं. सकाळी फिरायला गेले की कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून काहीतरी घेऊन यायचे. कधी मेथीची जुडी, कधी लालबुंद टोमॅटो, कधी केळी.

"अण्णा, ताईंना हे चालत नाही," मी म्हणायचे.

"टमाटं चालत नाय? टमाट्यात काय हाय? पानीच तर हाय."

"तेच चालत नाही."

ते पिशवी ओट्यावर ठेवून निघून जायचे. मी ते टोमॅटो डब्यांच्या भाजीत वापरायचे. ते त्यांना दिसायचं. आपण लेकीसाठी आणलेलं परक्यांच्या डब्यात जातं हे बघून म्हातारा माणूस नुसता ताटावरून लवकर उठायचा.

मार्गशीर्षात एकदा ताईंनी मला नेच्याला खत कसं द्यायचं ते शिकवलं. त्यांच्या हातात जोर राहिला नव्हता, वाकलं की चक्कर यायची. "आत्ता द्यायचं नाही," त्या म्हणाल्या, "थंडीत तो झोपलेला असतो. पण ऐकून ठेव. होळीनंतर नवी पानं फुटायला लागली की सुरू करायचं. महिन्यातून एकदा. आधी साधं पाणी द्यायचं, माती ओली झाली की मग खताचं पाणी. पाकिटावर जेवढं लिहिलंय त्याच्या अर्धं घ्यायचं, आणि ते खरं म्हणजे त्याच्याही अर्धं. आणि या पायांवर ओतायचं नाही. बाजूने."

"एवढंसं? मग द्यायचं तरी कशाला?"

"अगदीच नाही दिलं तर पानं बारीक होत जातात. जास्त दिलं तर जळतात."

पाकीट नेहमीचंच होतं, आमच्याकडे द्राक्षवाले वापरतात ते पाण्यात विरघळणारं पांढरं खत. ताईंनी त्याच्यावरचं वाचलं. नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, पालाश म्हणजे पोटॅशियम. "यातले शेवटचे दोन मला बंद आहेत," त्या म्हणाल्या आणि पाकीट माझ्याकडे दिलं. मी हसले, कारण त्याही हसल्या होत्या.

होळी व्हायच्या आतच पानांची टोकं तपकिरी पडायला लागली. आधी एका फांदीची, मग सगळ्यांची. ताईंना वाटलं बोअरच्या पाण्याने होत असेल. त्यांनी फिल्टरचं पाणी घालायला सांगितलं. मग त्यांना वाटलं ऊन लागतं, म्हणून कुंडी गॅलरीतच दाराजवळ सावलीत सरकवली. काही उपयोग झाला नाही. मातीवर पांढरी पापडी धरली होती. आणि एक दिवस गॅलरीत असा वास सुटला की शेजारच्या बाईंनी विचारलं, काही मेलंय का?

दुपारी डबे पोचवून मी जरा लवकर परत आले, तर अण्णा नेच्याजवळ स्टुलावर बसले होते. एका हातात खताचं पाकीट, पायाशी शेंगदाण्याची पेंड भिजवलेला डबा. ते चिमटीने नाही, मुठीने खत टाकत होते आणि वरून पेंडीचं पाणी ओतत होते. त्या सशाच्या पायांवरच.

"अण्णा! काय करताय?"

ते दचकले नाहीत. "किती दिस झाले, तसंच्या तसं हाय हे. वाढतच नाय. उपाशी ठेवलंय तुमी त्याला."

"रोज देता?"

"रोज कुठं? आठवन आली की देतो."

ताई आतून उठून दाराशी आल्या. त्यांनी पांढरी पापडी बघितली, डबा बघितला, बापाच्या हाताला लागलेलं खत बघितलं. मला वाटलं आता चिडतील. त्या आजारी पडल्यापासून लवकर चिडायच्या. पण त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, गुलाबाला चाललं असतं. याला नाही चालत."

"मंग आता?"

"धुवावं लागेल."

कुंडी मी न्हाणीघरात नेली. ताई दारात पाटावर बसल्या आणि सांगत राहिल्या. मी तांब्यातांब्याने पाणी घातलं. खालच्या भोकांतून आधी पिवळट, घाण पाणी आलं, मग जरा निवळ. थोडं थांबायचं, पुन्हा घालायचं. अण्णा ताईंच्या मागे भिंतीला धरून उभे होते.

"याचंही डायलिसिस," ताई म्हणाल्या.

अण्णांनी ते खरंच धरलं. "म्हंजे बरं व्हईल ना?"

ताईंनी मागे वळून त्यांच्याकडे बघितलं. मीच म्हटलं, होईल.

बरंचसं जळून गेलं. ताईंनी तपकिरी पानं मला बुडातून कापायला लावली. दोन केसाळ पाय काळे पडून मऊ झाले होते, तेही काढले. उरलं ते एवढंसं, दोन-चार पानं आणि बाकी उघडी माती. खत आता पाऊस येईपर्यंत द्यायचं नाही, असं त्या म्हणाल्या. पाकीट मी वरच्या फडताळात ठेवलं, अण्णांचा हात पोचणार नाही असं.

दरम्यान किडनी बदलण्याचं बोलणं चालू होतं. आमच्या बाजूने पहिला विचार माझ्या नवऱ्याचा झाला. सख्खा भाऊ, रक्तगट जुळणारा. पण त्याला मधुमेह. डॉक्टरांनी रिपोर्ट बघूनच नको म्हटलं. अण्णांनी डॉक्टरांना गाठून सांगितलं, माझी घ्या. ऐंशी ओलांडलेला माणूस, कानात बिगबाळी, हातात काठी. डॉक्टर चांगले होते, हसले नाहीत. म्हणाले, "बाबा, तुमची तुम्हाला लागेल." अण्णा घरी येऊन म्हणाले, "मला काय कराची हाय? मी काय करतो तिचं?"

मग मेलेल्या माणसाच्या किडनीसाठी यादीत नाव घातलं. तेवढ्यावर आम्ही काही महिने काढले. फोन वाजला की ताई मान वर करायच्या, आणि तो डब्याचा निघाला की पुन्हा खाली. यादीसाठी सगळ्या तपासण्या पुन्हा कराव्या लागायच्या. त्यात हृदयाची सोनोग्राफी झाली. पंपिंग फार कमी झालंय, एवढं मोठं ऑपरेशन हे हृदय सोसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. नाव तूर्तास बाजूला ठेवतो, म्हणाले. तूर्तास हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. ताई शिक्षिका होत्या, त्यांना कळलं.

बाहेर आलो. हॉस्पिटलच्या दारातल्या रसवंतीवर घुंगरं वाजत होती, माणसं बर्फ घातलेला उसाचा रस पीत उभी होती. ताई म्हणाल्या, "चल वहिनी, तुझ्या डब्यांना उशीर होईल."

घरी येऊन चप्पल काढली, बाटलीतलं पाणी किती उरलंय ते बघितलं आणि झाकण लावून बाटली ठेवून दिली.

वैशाखात उन्हाने गॅलरीची फरशी पाय ठेववत नाही अशी तापते. त्या दिवसांतली ही गोष्ट. मी डबे देऊन दुपारी परत आले, तर अण्णा आणि ताई हॉलमध्ये पंख्याखाली बसले होते. मध्ये स्टुलावर शहाळं होतं. वरून छाटलेलं, आत स्ट्रॉ. मी जाऊन उचललं, हलकं लागलं. रिकामं होतं.

"अण्णा," मी म्हटलं. माझा आवाज चढला असणार, कारण अण्णांनी काठी जवळ ओढली.

"अण्णांना काही बोलू नकोस," ताई म्हणाल्या. "मी मागितलं. मीच त्यांना खाली पाठवलं."

"ताई, तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे." त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेलं काहीतरी होतं, ओठ ओले होते. "इतकं गार होतं गं."

अण्णांकडे बघवत नव्हतं. ते खुश होते. लेकीने आपल्या हातचं काहीतरी संपवलं, एवढंच त्यांना दिसलेलं. ते म्हणाले, "बघ, सगळं पेली. लय दिसांनी."

मी नवऱ्याला फोन केला, हॉस्पिटलला फोन केला. ते म्हणाले घेऊन या. निघेपर्यंत ताईंच्या पायांतलं बळ गेलं होतं. जिन्यावरून त्यांना आम्ही खुर्चीत बसवून उतरवलं. ओठांभोवती मुंग्या येतात म्हणाल्या, मग काही म्हणेनाशा झाल्या. नाडी अगदी सावकाश चालली होती. तिथे इंजेक्शनं दिली, लगेच मशीनवर घेतलं, छातीला तारा लावल्या. पडद्यावर रेघ चालली होती तिकडे मी बघत राहिले. रात्रीपर्यंत त्या सावरल्या. डोळे उघडून मला बघितलं आणि तोंड फिरवलं. वाचल्याचा आनंद त्यांना झाला असं मला वाटलं नाही. मी त्याबद्दल पुढे कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

नवरा घरी आला आणि अण्णांसमोर उभा राहून म्हणाला, "तुम्ही तिला मारायला निघालात का?" एवढंच. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसला. त्याच्या वडिलांशी त्या आवाजात बोलताना मी त्याला पहिल्यांदा ऐकलं.

अण्णांनी त्यानंतर भाजी आणणं बंद केलं. फिरायला जाणं हळूहळू बंद केलं. स्वयंपाकघरात यायचे नाहीत, गॅलरीत जायचे नाहीत. ताई त्यांच्याजवळ जाऊन बसायच्या, म्हणायच्या, "अण्णा, झालं ते झालं. मीच मागितलं होतं." ते मान हलवायचे. पण समोर ताट आलं की विचारायचे, "तिनं खाल्लं का?" आणि हो म्हटलं तरी त्यांचा हात चालायचा नाही. मला वाटतं, कुणाला काही खायला घालायचं नसेल तर आपण बसून काय करायचं, हे त्यांना समजेना.

पावसाळ्यात मी ठरल्याप्रमाणे नेच्याला खत दिलं. आधी साधं पाणी, मग अर्ध्याच्या अर्धं, बाजूने. ताई कॉटवरून बघत होत्या. नवी पानं दोन आली, गोगलगाईसारखी गुंडाळलेली. त्यातलं एक उलगडायच्या आधीच वाळलं. मी पुढच्या महिन्यात पुन्हा दिलं. ताईंना म्हटलं, एक तरी टिकलं. त्या म्हणाल्या, "हो, टिकलं." त्यांना त्यात आता रस नव्हता, माझ्यासाठी बोलत होत्या.

थंडीत अण्णा गेले. काही मोठा आजार नव्हता. न्हाणीघरात तोल गेला, खुब्याला मार लागला, अंथरूण धरलं आणि मग छाती भरली. एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर त्यांचा श्वास थांबलेला होता.

तो दिवस ताईंच्या डायलिसिसचा होता. आदल्या खेपेला मशीन बिघडलं म्हणून अर्ध्यातच उठवलं होतं, अंगात पाणी भरलेलं होतं, उशी उंच केल्याशिवाय त्यांना झोपता येत नव्हतं. नवऱ्याने हॉस्पिटलला फोन करून विचारलं, उद्या चालेल का? त्यांनी विचारलं, दम लागतोय का? लागत होता. मग आजच या, म्हणाले.

नातेवाईक जमायला लागले होते. माझ्या माहेरची माणसं चांदवडहून निघाली होती. त्यांच्यासाठी थांबायचं ठरलं. तोवर ताईंची वेळ झाली. त्या अण्णांच्या पायाशी बसल्या, दोन्ही तळपायांवर हात ठेवला. त्यांना वाकून डोकं टेकवता येत नव्हतं, वाकलं की श्वास कोंडायचा. म्हणून त्यांनी हात पायांना लावून आपल्या कपाळाला लावला. मग मला म्हणाल्या, "चल."

मी घरची एकुलती सून. मागे बायका कुजबुजल्या, सून पण चालली का? एक चुलतसासू मोठ्याने म्हणाली, "बाप उचलायच्या आधी लेक निघाली, असं कुठं बघितलं नाय." कुणी तिला काही समजावलं नाही. समजावणार तरी काय? तिथे सगळ्यांना सगळं माहीत होतं, तरी ते दिसायला तसंच दिसत होतं.

हॉस्पिटलमध्ये नेहमीचा पलंग, नेहमीच्या सुया. बाजूच्या पलंगावरच्या काकांनी विचारलं, आज उशीर केलात? ताईंनी सुयांसाठी हात पुढे केला. मशीन सुरू झालं, नळीतून रक्त जायला लागलं. मी स्टुलावर बसले होते. बऱ्याच वेळाने ताईंनी विचारलं, "आता नेलं असेल?"

मी फोन बघितला. नवऱ्याचा काही निरोप नव्हता. "असेल."

त्या रडायला लागल्या. हात हलला तसं मशीन ओरडायला लागलं. सिस्टर धावत आली. "हात हलवू नका, मॅडम. दुखतंय का कुठे?"

"नाही," ताई म्हणाल्या. सिस्टरने बटण दाबून आवाज बंद केला आणि हात सरळ करून दिला. मग ताई हात न हलवता रडल्या. मी त्यांचं तोंड पदराने पुसत होते. घरी परतलो तेव्हा हॉल धुतलेला होता आणि कोपऱ्यात दिवा लावलेला होता. चांदवडची माणसं जेवून परत निघाली होती.

आता पुन्हा पावसाळा आहे. महिन्यातून एकदा मी नेच्याला खत देते, सांगितलं होतं त्याच प्रमाणात. तो मेलेला नाही आणि वाढतही नाही. काढून टाकावा असंही वाटत नाही, आणि ठेवून काय करायचं हेही कळत नाही. ताई आता गॅलरीपर्यंत येत नाहीत.

त्यांच्या हातातली ती थरथर उन्हाळ्यात एक दिवस थांबली. शीर बंद पडली. दुसऱ्या हातात करून बघितलं, जमलं नाही. मग मानेतून छातीत नळी घातली, आता डायलिसिस त्या नळीवर चालतं. ही नळीही कायमची नसते, डॉक्टर म्हणाले. तिच्या पुढे काय, हे आम्ही विचारलं नाही. जंतू जायला नकोत म्हणून तिथे पाणी लागू द्यायचं नाही, त्यामुळे अंघोळ म्हणजे नुसतं ओल्या टॉवेलने पुसणं. केस धुवायचे तर मी त्यांना कॉटवर आडवं झोपवते, डोकं कडेच्या बाहेर, खाली बादली, मानेभोवती प्लास्टिक आणि त्यावर टॉवेल.

काल तशी धूत होते. केस फार विरळ झालेत, सगळे एका मुठीत मावतात. मी तांब्याने पाणी सोडत होते, त्यांचे डोळे मिटलेले.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "तुला कंटाळा नाही येत गं?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं. पण त्यांचं डोकं माझ्या हातात होतं.

"येतो," मी म्हटलं.

"मलाही," त्या म्हणाल्या, आणि जरा वेळाने विचारलं, "उद्या काय वार?"

"शनिवार."

"म्हणजे जायचं."

"जायचं."

मी केस पिळले, टॉवेल गुंडाळला आणि त्यांच्या मानेखाली हात घालून त्यांना सावकाश उठवून बसवलं.